मुलाखतीपुरती शांतता

आमच्या गल्लीच्या तोंडाशी तालीम आहे. तिच्या पाटीवर नावाखाली 'स्थापना' असा शब्द रंगवलेला आहे आणि त्यापुढे काही नाही. पाटी रंगवायला दिली तेव्हा वर्षावर एकमत होत नव्हतं. पेंटरनं वाट पाहिली, मग तो दुसऱ्या कामावर निघून गेला. एकमत अजून झालेलं नाही. शिवाजी पेठेत तालमीचं वय हा अभिमानाचा विषय आहे. त्यामुळे कमी वर्षं कुणी मान्य करत नाही आणि जास्त वर्षं कुणाला सिद्ध करता येत नाहीत.

मी वर्तमानपत्रात उपसंपादक होतो. निवृत्त झाल्यापासून ही पाटी मला खिडकीतून रोज दिसते. ती रिकामी जागा भरावी असं मला रोज वाटतं. नोकरी सुटली तरी काही सवयी सुटत नाहीत.

समोरच्या घरात एसटीचे एक निवृत्त चालक राहतात. त्यांची मुलगी इतिहास शिकली आणि जयसिंगपूरच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवू लागली. म्हणजे जितके तास शिकवलं तितकाच पगार, आणि दर जूनमध्ये त्याच जागेसाठी पुन्हा नव्यानं मुलाखत. असं करत ती पस्तिशीला आली. त्या वर्षी तिनं इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात संशोधनासाठी अर्ज केला. इंग्लंडमधलं जुनं विद्यापीठ म्हटलं की आपल्याकडे दोन नावं घेतली जातात. त्यातलं हे अधिक जुनं.

अर्ज तिनं एकाच ठिकाणी केला होता, कारण तिच्या विषयातले प्राध्यापक तिथेच होते. परदेशी शिक्षणाच्या सरकारी शिष्यवृत्तीला वयाची मर्यादा होती आणि ती मर्यादा तिच्यासाठी त्याच वर्षी संपत होती. अर्ज पहिल्या चाळणीतून पुढे गेला. आता फक्त कॉम्प्युटरवरून एक मुलाखत बाकी होती. "मुलाखत चांगली झाली तर इंग्लंड, नाहीतर जयसिंगपूर," असं ती म्हणायची. जयसिंगपूरबद्दल तिची तक्रार नव्हती. तक्रार दर जूनबद्दल होती.

तिचे वडील माझ्याकडे आले ते मागची खोली मागायला.

"साहेब, एक संध्याकाळ खोली मिळंल का? आमच्यात तालमीची भिंत लागून हाय. आत दंड मारायला लागली की आमच्या ताटातली भाकरी हलती."

मी हो म्हटलं.

"आणि एक. कुणाला सांगू नका. झालं तर झालं, न्हाय झालं तर पोरीचं तोंड चौकात नको. फ्लेक्स तर अजिबात नको."

मी कुणाला सांगितलं नाही. 'कुणाला सांगू नका' हे त्यांनी स्वतःच आधी सलूनमध्ये, मग दूध आणताना आणि मग चहाच्या गाड्यावर सांगितलं. दुसऱ्या दिवशी तालमीचे अध्यक्ष खजिनदाराला घेऊन माझ्या घरी आले.

"काय पत्रकार, एवढी मोठी बातमी आणि दाबून ठेवलीसा?"

"माझी बातमी नाही ती, अध्यक्ष."

"ते जाऊ द्या. ते विद्यापीठ किती जुनं हाय?"

"नऊशे वर्षांच्या आसपास."

"आसपास म्हंजे? साल सांगा की."

"साल नाही. त्यांना स्थापनेचं साल माहीत नाही. कधीतरी कुणीतरी शिकवायला लागलं, एवढंच माहीत आहे."

अध्यक्षांनी खजिनदाराकडे पाहिलं. "म्हंजे आपल्यागतच."

"त्याचं त्यास्नी काय वाटत न्हाय?" खजिनदारांनी विचारलं.

"अभिमान वाटतो."

"मग आपली पाटी बरोबरच हाय की," खजिनदार म्हणाले. पाटी तशीच ठेवावी या मताचे ते पहिल्यापासून होते.

मुलीच्या तयारीसाठी मी त्या विद्यापीठाचा इतिहास वाचून ठेवला होता. दोघांनी तो ऐकायची इच्छा दाखवली. इंग्लंडच्या राजानं एकदा आपल्या विद्यार्थ्यांना पॅरिसला जायला बंदी केली, तेव्हा ते या गावात गोळा झाले. इथपर्यंत त्यांनी नुसती मान हलवली. पुढे चौदाव्या शतकात एका गुत्त्यात दोन विद्यार्थ्यांनी दारू वाईट आहे म्हणून मालकाच्या तोंडावर ओतली आणि भांडं डोक्यात घातलं. त्यावरून गाव विरुद्ध विद्यार्थी अशी धनुष्यबाणांनी लढाई झाली आणि ती काही दिवस चालली. हे सांगायला लागल्यावर अध्यक्षांनी खुर्ची पुढे ओढली.

"जिंकलं कोण?"

"लढाई गावानं जिंकली. विद्यार्थी मेले. पण राजानं बाजू विद्यापीठाची घेतली. गावच्या महापौरानं दर वर्षी चर्चमध्ये जाऊन मेलेल्यांसाठी प्रार्थना करायची आणि दंड भरायचा, अशी शिक्षा दिली."

"किती वर्षं?"

"पावणेपाचशेच्या आसपास. मग एका महापौरानं जाणार नाही म्हणून सांगितलं."

अध्यक्षांनी खुर्ची पुन्हा मागे सरकवली. "आणि आपल्या फुटबॉल टीमवर दोन मॅचची बंदी आली तर आपण मोर्चा काढतो," ते म्हणाले.

त्याच्याही आधी अशाच एका भांडणानंतर काही मंडळी गाव सोडून गेली आणि दुसरीकडे त्यांनी दुसरं विद्यापीठ काढलं, हेही मी सांगितलं.

"फुटून निघाली," खजिनदार म्हणाले. याचं त्यांना काही स्पष्टीकरण लागलं नाही. पेठेत निम्म्या तालमी तशाच निघाल्या आहेत. "आता बोलत्यात का एकमेकांशी?"

"बोलतात. वर्षातनं एकदा नदीत होड्यांची शर्यत लावतात."

"बघा. वैर टिकवायचं तर असं शिस्तीत टिकवाय पाहिजे."

निघताना अध्यक्ष म्हणाले, "इंग्लंडची पावणं येणार आणि आपली पेठ बोंबलत बसणार? न्हाय. शांतता म्हंजे शांतता."

"ते येणार नाहीत. कॉम्प्युटरवर असतील."

"तेच की. ऐकू तर येणारच न्हवं?"

तेव्हा मुलाखतीची तारीख पाहिली गेली. त्या संध्याकाळी आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाचा सामना होता. सामना संपण्याची वेळ आणि मुलाखत सुरू होण्याची वेळ यांत थोडकंच अंतर होतं. हरलो तर अडचण नव्हती. हरल्यावर लोक आपापल्या वाटेनं गुपचूप घरी येतात. जिंकलो तर हलगी, फटाके आणि सायलेन्सर काढलेल्या गाड्या घेऊन मिरवणूक गल्लीत येते. अध्यक्षांनी ठरवलं की जिंकलो तर मिरवणूक वरच्या चौकात थांबवायची आणि पोरगी उठल्याशिवाय हलगीला हात लावायचा नाही. हरावं असं त्यांनी सुचवलं नाही.

तयारीचे दिवस साधे गेले. ती जयसिंगपूरहून यायची, चहा घ्यायची आणि माझ्यासमोर बसायची. मी प्रश्न विचारायचो. तिचा विषय होता कोल्हापुरातली बुजवलेली तळी. या शहरात एके काळी बरीच तळी होती. पुढे ती एकेक करून बुजवली गेली आणि त्यावर मैदानं, बाजार, वसाहती झाल्या. तिच्या संशोधनाच्या आराखड्यातलं पहिलं तळं आमच्याच मागच्या गल्लीतलं होतं. आता तिथे मोकळं मैदान आहे आणि ते लग्नकार्याला भाड्यानं मिळतं. आराखड्यात एक वाक्य होतं: 'तळ्याला चारी बाजूंनी पायऱ्या होत्या आणि माझ्या पणजोबांना लहानपणी त्यातल्या एकाही पायरीवर उतरता येत नव्हतं, वरून कुणी ओतेल तेव्हा पाणी मिळे.' वाक्यात एकही शोभेचा शब्द नव्हता. मी त्याला हात लावला नाही.

एका मुद्द्यावर मात्र आमचं जमलं नाही. ते तळं कधी बुजवलं, याची तारीख तिच्याकडे नव्हती.

"अंदाजे सांग," मी म्हटलं. "अमुक दशकात म्हण. वाचणाऱ्याला तारीख लागते."

"कागदात नाहीय, काका."

"त्यांनी विचारलं तर?"

"तर नाहीय म्हणून सांगेन."

हे उत्तर मला पुरेसं वाटलं नाही. तसं मी तिला दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा तिनं ऐकून घेतलं.

तिच्या आईनं सगळ्या काळात मला एकच प्रश्न विचारला. "भाऊजी, तिथं बायकास्नी कधीपास्नं घेत्यात?"

"शिकायला आधीपासून बसू देत होते. पदवी द्यायला लागून शंभर वर्षं झाली."

"नऊशेतली शंभर?"

"हो."

त्यांनी हिशेब मनात पक्का केला. "मग हिला म्हणावं, सावकाश बोल. त्यास्नी अजून सवय नसंल."

मुलाखतीच्या दिवशी शांततेची व्यवस्था तालमीनं हातात घेतली. भाजीवाल्याला रेकॉर्ड लावलेला भोंगा बंद करून ढकलगाडी न्यायला सांगितलं. गल्लीतल्या बायकांना कुकर लावू नका म्हणून निरोप गेला, त्यावर "मग स्वयपाक तालमीत करणार हाईसा काय?" असं उत्तर आलं. गल्लीच्या दोन्ही तोंडांना तालमीचे गडी तोंडावर बोट ठेवून उभे राहिले. ते बोट बाजूला करून मधूनमधून "ए, गप की!" असं ओरडत होते. त्या दिवशी गल्लीत झालेला सगळ्यात मोठा आवाज तोवर तरी हाच होता.

संध्याकाळ झाली आणि आम्ही सामना जिंकला. हे आम्हाला कळलं ते हलगीवरून नाही, गुलालावरून. वरच्या चौकात दोनएकशे माणसं गुलाल लावून उभी होती आणि काहीही करत नव्हती, असं खिडकीतून दिसत होतं. मी इतकी वर्षं बातम्या लावल्या, पण जिंकलेली आणि गप्प असलेली पेठ मी त्याआधी पाहिली नव्हती.

मुलगी मागच्या खोलीत बसली. दार तिनं अर्धं उघडं ठेवायला सांगितलं होतं, कारण ते ओढलं की करकरतं. बाहेरच्या खोलीत मी आणि तिचे वडील बसलो. पडद्यावर तिघेजण होते. त्यातल्या दोन बायका होत्या आणि एक वयस्क गृहस्थ. तिच्या वडिलांनी ते मोजलं आणि समोर बायकोला सांगायला जाऊ का, असं मला खुणेनं विचारलं. मी नको म्हटलं.

सुरुवात बरी झाली. ती सावकाश बोलत होती. दुसरा प्रश्न चालू असताना मागच्या मैदानातून डीजे सुरू झाला.

तिथे हळदीचा कार्यक्रम होता. लग्नघर पेठेबाहेरचं होतं. त्यांना शांततेचा निरोप कुणी दिला नव्हता, कारण तालमीनं फक्त गल्ल्या मोजल्या होत्या, मैदान मोजलं नव्हतं. खिडकीची काच थरथरायला लागली. खाली पळापळ झाली. अध्यक्षांची माणसं मैदानात गेली आणि डीजेवाल्याशी बोलून परत आली. त्यांचं म्हणणं डीजेवाल्याला ऐकू गेलं नव्हतं.

तालमीतला एक गडी वायरमन आहे. सरकारी नाही, खाजगी. त्यानं कुणाला न विचारता, गल्लीच्या टोकाला असलेल्या विजेच्या पेटीतून फ्यूज काढला.

गल्ली काळोखी झाली. माझ्या घरातला दिवा गेला, पंखा थांबला, आणि भिंतीवरचं इंटरनेटचं यंत्र विझलं. डीजे वाजतच राहिला. त्याचा स्वतःचा जनरेटर होता.

मागच्या खोलीत पडद्यावरचे तिघेजण आधी गोठले आणि मग नाहीसे झाले. तिचे वडील उठून उभे राहिले. तीस वर्षं एसटी चालवलेला तो माणूस. गाडी बंद पडल्यावर प्रवाशांनी काय करायचं असतं हे त्यांना माहीत होतं. ते पुन्हा बसले आणि त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले.

मी खिडकीतून खाली वाकलो. वायरमन फ्यूज हातात धरून उभा होता.

"लाव की तो परत!" मी शक्य तितक्या हळू ओरडलो.

"न्हाय लावणार, काका," तो खालून कुजबुजला. "लाईट आली की सगळी पेठ ओरडती. तेवढं पोरीला न्हाय परवडायचं."

हे खरं होतं. आमच्याकडे लाईट गेलेली कुणी मनावर घेत नाही, पण ती आली की घराघरातून एकदम "आली!" अशी आरोळी उठते. लहानमोठे सगळे ओरडतात. मीही ओरडतो. त्याचा मुद्दा बरोबर होता आणि इंटरनेट बंद होतं.

मुलीनं कुणाला हाक मारली नाही. तिनं मोबाइलवरून लॅपटॉप जोडला. तेवढ्या वेळात डीजेवर तीनचार वेळा नवऱ्या मुलाचं नाव घेतलं गेलं. मग ते तिघेजण पडद्यावर परत आले आणि त्यांचा उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला. खोलीत दुसरा उजेड नव्हता.

दोन बायकांपैकी एकीनं, सगळं ठीक आहे ना, असं विचारलं. तिनं इंग्रजीत सरळ सांगितलं: माझ्यासाठी शांतता राहावी म्हणून शेजाऱ्यांनी रस्त्याची वीज तोडली आहे. मग त्या वयस्क गृहस्थांनी विचारलं, "आणि हे संगीत?"

"ते माझ्या तळ्यातून येतंय," ती म्हणाली.

त्यांना आराखड्यातलं पहिलं पान आठवत असावं, कारण तिघांनीही कागद उलटले. तिनं सांगितलं की बुजवलेल्या तळ्याची जागा खोलगट राहते, तिथे घरं बांधायला लोक कचरतात, म्हणून ती मोकळी राहते आणि मग तिथे माणसं जमतात. आज तिथे हळद आहे. ज्यांची हळद आहे ते पेठेबाहेरचे आहेत आणि तिथे तळं होतं हे त्यांना माहीत नाही. "माझ्या घरात मात्र ते कुणी विसरलेलं नाही," ती म्हणाली, "कारण आम्हाला त्यात उतरू दिलं नव्हतं."

"कधी बुजवलं ते?" गृहस्थांनी विचारलं.

मी डोळे मिटले.

"तारीख मला माहीत नाही," ती म्हणाली. "नगरपालिकेच्या कागदात ते आधी तळं आहे. मग बरीच वर्षं त्याचं नावच नाही. आणि नंतर ते मैदान आहे. मधलं शोधण्यासाठी मी अर्ज केलाय."

पलीकडे कुणीतरी काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं ते कळायला मार्ग नव्हता. त्यानंतरचे प्रश्न डीजेमुळे मला नीट ऐकू आले नाहीत. ती मात्र उत्तरं देत होती, म्हणजे तिला ऐकू येत असावेत.

झाल्यावर ती बाहेर आली आणि अंधारात माझ्या खुर्चीला अडखळली. वडिलांनी, कसं झालं, असं विचारलं नाही. "पाणी पी," म्हणाले. ती पाणी प्यायली आणि खिडकीशी गेली. खाली अध्यक्ष उभे होते. कपाळाचा गुलाल घामानं नाकापर्यंत आला होता.

"झालं काय, पोरी?"

"झालं, काका."

"लाईटनं घोळ केला न्हवं?"

"केला."

अध्यक्षांनी वायरमनकडे पाहिलं. वायरमननं फ्यूजकडे पाहिलं.

"मग आता वाजवू का नको?"

"वाजवा की. जिंकलायसा न्हवं?"

वायरमन फ्यूज लावायला गेला. आधी पेठ ओरडली, मग हलगी कडाडली आणि मग वरचा चौक गल्लीत आला. डीजे त्या रात्री पुन्हा कुणाला ऐकू आला नाही.

निकालाला काही आठवडे लागले. त्या काळात वायरमन आमच्या घरासमोरून जाणं टाळत होता. जावंच लागलं तर तो पलीकडच्या कडेनं, खाली बघून जायचा. मुलगी रोज जयसिंगपूरला जात होती. जूनच्या मुलाखतीचा अर्जही तिनं भरून ठेवला. मी तिला तारखेबद्दल काही बोललो नाही.

पत्र ईमेलनं आलं. ती तेव्हा घरी होती. मला बोलावणं आलं म्हणून मी समोर गेलो. तिनं मोबाइल माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "काका, तुम्ही एकदा वाचा. माझं काही चुकत असेल." मी नोकरीत जसा मजकूर वाचायचो तसा दोनदा वाचला. जागा मिळाली होती. शेवटी त्या वयस्क गृहस्थांची एक ओळ होती. पहिल्या सत्रात त्या मधल्या वर्षांपासूनच सुरुवात करू, असं त्यांनी लिहिलं होतं.

"काय म्हणत्यात?" आईनं विचारलं.

"घेतलंय," मी म्हटलं.

आई खाली बसल्या. भिंतीपलीकडे तालमीत दंड चालू होते आणि मांडणीतली भांडी बारीक वाजत होती. मुलीनं मोबाइल परत घेतला आणि पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागली. वडील उठले, आरशासमोर जाऊन त्यांनी केसांवरून हात फिरवला आणि दाराशी येऊन चप्पल पायात सरकवली.

"साहेब, एवढ्यात कुणाला सांगू नका," ते मला म्हणाले आणि सलूनच्या दिशेनं निघाले.